रंगाआधी पाणी: वाड्यावरचं भित्तिचित्र दुरुस्त करताना

गोव्यात भिंतीवरचं चित्र दुरुस्त करायला सगळ्यात वाईट काळ कोणता, तर चवथीच्या आधीचे पंधरा दिवस. आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना हौस येते. वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, वर्गणी निघते, रंगाचे डबे येतात, दोन दिवसांत चित्र चकचकीत होतं, फोटो फिरतात. तीन महिने पाऊस पिऊन टम्म झालेल्या भिंतीवर चढवलेला तो रंग दिवाळीनंतर ऊन तापलं की फुगायला लागतो आणि शिगम्यापर्यंत पापुद्र्यांनी खाली येतो. मग "रंगच हलका होता" असा निकाल लागतो.

रंग बिचारा क्वचितच हलका असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि समोर चिऱ्याची भिंत. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी धरून ठेवणारा. ते पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि वाटेत चित्र असतं. म्हणून माझा साधा हिशोब असा, की दुरुस्तीच्या शंभर रुपयांतले निदान पन्नास पाण्यावर आणि गवंड्यावर जावेत. रंगसामानाला दहा-बारा रुपये पुष्कळ होतात. वर्गणी देणाऱ्यांना हे पटत नाही, कारण गटाराचा फोटो कोणी टाकत नाही.

पाणी चार वाटांनी येतं: माथ्यावरून, मागून, खालून आणि समोरून उडून. कुठली वाट आहे ते पावसातच कळतं. त्यामुळे पाहणी ऑगस्टमध्ये करायची, काम डिसेंबरात. पाऊस थांबून दोन तास झाल्यावर भिंतीचे फोटो काढा. ओल माथ्यापासून खाली ओघळत असेल तर माथा दोषी. मध्येच गोल चकत्यांसारखे डाग असतील आणि मागे मातीचा भराव असेल तर पाणी मागून येतंय. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत सरळ पट्टा ओला असेल तर ते खालून चढलेलं पाणी. आणि तळाचा फूट-दीड फूट तांबड्या शिंतोड्यांनी माखला असेल तर रस्त्याचं पाणी उडतंय.

माथ्याचं काम स्वस्त आहे आणि सर्वाधिक गुण देतं. कुंपणाच्या भिंतीच्या माथ्यावर बहुतेक ठिकाणी नुसता सिमेंटचा गिलावा फासलेला असतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्याला केसासारख्या भेगा जातात आणि पाणी थेट चिऱ्यात उतरतं. तिथे काँक्रीटची टोपी घाला: सिमेंट, वाळू, खडी १:२:४ चं मिश्रण, जाडी दोन-अडीच इंच, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पुढे, आणि उतार चित्राच्या उलट्या बाजूला. खरी गंमत टोपीच्या खालच्या अंगाला आहे. कडेपासून इंचभर आत, पूर्ण लांबीभर, अर्ध्या इंचाची खाच हवी. फळी बांधतानाच तिथे अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी किंवा उभा चिरलेला विजेच्या वायरीचा पाईप ठोकला की खाच आपोआप पडते. ही खाच नसेल तर पाणी टोपीच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि भिंतीवरूनच उतरतं. खाच असेल तर थेंब तिथेच अडतो, जड होतो आणि भिंतीपासून दूर पडतो. गवंडी हमखास विसरतो. विसरला तर नंतर कटर लावून पाडता येते, पण कडा फुटतात. दर सहा-आठ फुटांवर सांधा सोडून त्यात लवचीक सीलंट भरा, नाहीतर उन्हाने टोपीच तडकते.

मागे भराव असेल तर पाण्याला बाहेर काढावंच लागतं. साठ फूट लांबीच्या भिंतीला पाच-पाच फुटांवर तीन इंची पीव्हीसीचे अकरा-बारा तुकडे, जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. प्रत्येक नळीमागे पाटीभर २० मिलिमीटरची खडी आणि खडीभोवती जिओटेक्स्टाईलचं कापड. कापड नसेल तर दुसऱ्याच पावसात तांबडी माती नळी बुजवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नळीतून गाळ येतो आणि चित्रावर खालपर्यंत तांबडे ओघळ उमटतात. नळीचं तोंड भिंतीबाहेर तीन इंच काढा. चित्रात नळ्या दिसतात म्हणून कुरकुर होईल, पण चांगला चित्रकार त्यांचं काहीतरी करतो. माशाचं तोंड करतो, माडाचा नारळ करतो.

खालून चढणारं पाणी पूर्ण थांबवणं वाड्याच्या वर्गणीत बसत नाही. दोन गोष्टी मात्र जमतात. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि भिंतीचा पाया जमिनीखाली जातो. ती चढलेली माती काढून भिंतीलगत दीड फूट रुंदीचा खडीचा पट्टा करा. आणि तळाचा दीड फूट चित्रातून वगळा. तिथे चुन्याचा गिलावा आणि गडद रंगाचा साधा पट्टा ठेवा. तो दर दोन वर्षांनी रंगवायचाच, असं धरून चालायचं.

आता लोणा या दुखण्याबद्दल. लोणा म्हणजे भिंतीवर येणारी पांढरी पूड. ती चुना नव्हे आणि बुरशीही नव्हे, ते मीठ. समुद्राच्या वाऱ्यातलं, जमिनीतलं आणि फार वेळा वाळूतलं. गोव्यातल्या नद्यांत भरतीचं पाणी बरंच आत येतं, त्यामुळे खालच्या अंगाची वाळू खारी असू शकते. ओली चिमूट जिभेला लावून पाहायची जुनी पद्धत अजूनही चालते. खारट लागली तर परत पाठवा, किंवा गोड्या पाण्यात तीनदा धुवा. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दमट आणि दुपारी कोरडं, म्हणजे हा खेळ रोज चालतो. स्फटिक वाढताना रंगाखाली जागा मागतात आणि रंग उचलला जातो. लोणा दिसला की लोक नळीने पाणी मारतात. त्याने मीठ विरघळून आत जातं आणि महिन्याने परत येतं. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पूड सुपलीत घ्या, भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका. जिथे रंग गेलेलाच आहे तिथे बिनछापील पांढऱ्या कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात कालवून अर्धा-पाऊण इंच जाड थापा. दोन-तीन दिवसांत वाळला की मीठ घेऊन सुटतो. दोन-तीनदा करा. रंगाचा थर शाबूत आहे तिथे हा उपाय चालत नाही, कारण मिठाला बाहेर यायला वाटच नसते.

शेवाळाला प्रेशर वॉशर लावणाऱ्याच्या हातातून नळी काढून घ्या. त्या झोताने शेवाळाबरोबर सैल रंग जातो. ब्लीचने भिंत पांढरी दिसते, पण मागे मीठच राहतं. बेन्झाल्कोनियम क्लोराईडचं दोन टक्क्यांचं द्रावण कोरड्या दिवशी फवारा, आठवडाभर काही करू नका. शेवाळ मरून तपकिरी पडलं की नायलॉनच्या मऊ ब्रशने निघतं.

भिंतीची यादी करताना बोटाच्या पेराने ठोकत जा. घट्ट गिलाव्याचा आवाज बंद येतो, सुटलेल्याचा मडक्यासारखा. खडूने एक-एक फुटाच्या चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत काय आहे ते पारदर्शक प्लॅस्टिकवर उतरवा: पोकळ, पापुद्रा, लोणा, शेवाळ, गेलेलं. हे काम शाळेची मुलं उत्तम करतात, मोठ्यांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे. याच नकाशावर अंदाजपत्रक उभं राहतं. आणि एक निर्णयही: एक तृतीयांशाहून कमी चित्र गेलं असेल तर जुनं वाचवा. अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर गिलावा नवा करून मूळ चित्रकाराकडून पुन्हा काढून घेणं बरं. मधल्या भानगडीत पैसा सर्वाधिक जातो.

पोकळ गिलावा कापताना कडा सरळ आणि आतल्या बाजूला किंचित तिरक्या ठेवा, म्हणजे नवा गिलावा खाचेत धरून राहतो. निमुळत्या कडेवर पातळ होत गेलेला गिलावा पहिल्या वर्षी सुटतो. नुसत्या सिमेंटचा १:४ गिलावा चिऱ्यावर नको. तो चिऱ्यापेक्षा कडक असतो, ओल आत कोंडतो आणि ताटासारखा निघतो. सिमेंट, चुना, वाळू १:२:९ घ्या. शंभर चौरस फुटांना १५ मिलिमीटर जाडीने साधारण अर्धी गोणी सिमेंट, २० किलो चुन्याची पूड आणि पाचेक घनफूट वाळू लागते, सांडलवंड वेगळी. चुना कालवताना चष्मा हवाच. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. गिलावा सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि निदान २८ दिवस रंगाचं नाव काढू नका. नव्या गिलाव्याचा सामू (पीएच) १२-१३ असतो, त्यावर काही रंग जळून फिके पडतात. गिलावा थोडा ओला करून त्यावर पीएचची पट्टी टेकवा, १० च्या खाली आली की प्रायमर. तोवर भिंत सुकली का हे पाहायला दीड फूट बाय दीड फुटाचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर, निदान १६ तास ठेवा. आतून थेंब जमले किंवा गिलावा काळपटला तर थांबा. बाहेरच्या भिंतीवर पुट्टी अजिबात नको. गुळगुळीत दिसते आणि सगळ्यात आधी सुटते.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे उचललेला पण अजून धरून असलेला पापुद्रा परत बसवणं. पत्र्याच्या पट्टीने खरवडून टाकणं सोपं असतं, म्हणून चित्रातले चेहरेही तसेच जातात. सकाळी गार भिंतीवर ॲक्रिलिकचा पापुद्रा कुरकुरीत असतो, हात लावला की मोडतो. अकरानंतर ऊन लागून मऊ पडतो, तेव्हा हात घाला. आधी पाणी आणि स्पिरिट निम्मं-निम्मं मिसळून सिरिंजने पापुद्र्यामागे दोन थेंब सोडा, म्हणजे त्यानंतर घालायचा बाइंडर नीट पसरतो. मग बिनरंगी ॲक्रिलिक बाइंडर एक भाग आणि पाणी चार भाग, तेही सिरिंजनेच, वरच्या कडेतून. खालून घातलं तर ओघळून जातं. पापुद्र्यावर पातळ टिश्यू पेपर, त्यावर केक भाजताना वापरतात तो न चिकटणारा कागद, त्यावर ओला पिळलेला स्पंज, आणि तळहाताने हलका दाब देत मिनिटभर थांबा. घासायचं नाही. बाहेर आलेला बाइंडर लगेच ओल्या कापसाने टिपा, नाहीतर तिथे चकाकता डाग राहतो आणि धूळ धरतो. सरावलेला माणूस दिवसाला पाच-सहा चौरस फूट करतो. सुतारकामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही, पावसात तो पुन्हा मऊ पडतो.

रंग भरताना फक्त गेलेल्या जागी भरा. जुन्या रंगावर कडेकडेने "थोडंसं" चढवत गेलं की दोन फुटांत अख्खं चित्र नवं होतं आणि हात दुसऱ्याचा दिसतो. रोममधल्या जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या काळात रुळलेली एक पद्धत आहे: गेलेल्या भागात बारीक उभ्या रेषांनी रंग भरायचा, म्हणजे लांबून चित्र अखंड दिसतं आणि जवळून दुरुस्ती ओळखू येते. रस्त्यावरच्या चित्राला इतकं सोवळं पाळायची गरज नाही, पण चेहरे आणि हातांसाठी ती पद्धत मला पटते. रंग जुळवताना आधी जुना भाग धुळीतून मोकळा करा, मग पुठ्ठ्यावर नमुना लावून वाळवून पाहा. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. नमुना सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे धरा. गेरू, पिवळी माती, काळा, फ्थॅलो निळा-हिरवा हे रंग वर्षानुवर्षं टिकतात. झगझगीत गुलाबी आणि फ्लुरोसंट पश्चिमेच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत धुऊन जातात. स्टेनर, म्हणजे छटा आणायचा दाट रंग, ओतून रंग गडद करायची सवय वाईट, लिटरला तीस-चाळीस मिलिलिटरच्या पुढे गेलं की थर कच्चा राहतो. आणि शेवटी वरून चकचकीत वॉर्निश मारायचा मोह होईल. ओल बाहेर पडू देत नसेल तर तो चित्राचं झाकण होतो. पांढरा पडतो, आणि निघताना रंग घेऊन निघतो.

देवळाच्या भिंतीवर कावी असेल, मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहे तशी, तर वरचं रंगाबद्दलचं सगळं विसरा. तिथे तांबडा थर चुन्यातलाच आहे, कोरून खालचा पांढरा उघडा केलेला. त्यावर ॲक्रिलिकचा एक हातही चढवला तर तो परत काढता येत नाही. कावी जाणणारा कारीगर मिळेपर्यंत फक्त छप्पर आणि पन्हळ बघा.

कागदपत्रांत पहिला प्रश्न भिंत कोणाची हा. गावात असेल तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा, शहरात फॉर्म डी. भिंत शाळेची वाटते आणि निघते कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, किंवा रस्त्यालगतची म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याची. रुंदीकरणाच्या आखणीत ती भिंत आहे का हेही लेखी विचारा. मालकाचं ना-हरकत पत्र आणि ग्रामसभेचा ठराव हातात असल्याशिवाय वर्गणी सुरू करू नये. पणजीतल्या जुन्या वस्तीसारख्या वारसा क्षेत्रात परवानगीची आणखी एक पायरी असते.

दुसरा कागद चित्रकाराचा. भिंत तुमची असली तरी चित्रावरचा त्याचा हक्क संपत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम चित्रकाराला त्याच्या कामाची मोडतोड किंवा विकृती झाल्यास आक्षेप घ्यायचा अधिकार देतं, हक्क विकल्यानंतरही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तेव्हा चित्रकाराला आधी फोन करा, काय करणार ते लिहून कळवा, आणि मानधन द्या. "मुलांसाठी आहे, फुकट करा" हे प्लंबरला आपण म्हणत नाही. तो करायला तयार नसेल तर आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात विचारून पाहा.

पैशाच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. एक म्हणजे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृतीचं जतन बसतं, त्यामुळे कंपनी "हो" म्हणते. पण बाहेरच्या संस्थेला पैसे द्यायचे तर ती आयकर खात्याकडे नोंदलेली, सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरलेली आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेली लागते. गेल्या महिन्यात स्थापन केलेल्या मंडळाला ते जमत नाही. नवी संस्था काढण्यापेक्षा तालुक्यातल्या जुन्या, नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून काम करा. दुसरं म्हणजे परदेशातून येणारी देणगी. आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला वाड्यावरचा माणूस बँकेतून पैसे पाठवतो तेव्हा अडचण नसते. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेला त्याचा सख्खा भाऊ कायद्याने परदेशी स्रोत ठरतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्याचे पैसे घ्यायला परदेशी देणग्यांबाबतच्या २०१० च्या एफसीआरए कायद्याखालची नोंदणी लागते. आपल्याकडे निम्म्या घरांत असा एकतरी भाऊ असतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकाच्या खासगी यूपीआयवर वर्गणी गोळा करणं सगळ्यात सोपं आणि भांडणाला सगळ्यात सोयीचं.

दरांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची बघा आणि दोन गवंड्यांकडून लेखी दर घ्या. अंदाजपत्रकात परांची, रस्त्यावरचे अडथळे, वाहतूक पोलिसांची परवानगी, झाकायला ताडपत्री आणि स्वयंसेवकांचा चहा-पाव हे सगळं लिहा. जमलेल्या रकमेतला दहावा हिस्सा मुदत ठेवीत टाका आणि त्याला पाच वर्षं हात लावू नका. त्यातून पावसाआधी मे महिन्यात नळ्या मोकळ्या करायच्या, टोपीचे सांधे भरायचे, खालचा पट्टा रंगवायचा आणि निवडणुकीची पोस्टरं चिकटली असतील तर कोमट पाण्याने भिजवून काढायची. पोस्टरवाल्यांसाठी १९८८ चा विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा आहे, पण कोमट पाणी लवकर पोचतं. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच फोटो, त्याच जागी उभं राहून, पाऊस थांबल्यावर दोन तासांनी.